कमावलेली वाणी

अमेरिकेत बास्केटबॉलचा सामना दूरचित्रवाणीवर दाखवितात तेव्हा मैदानाच्या कडेला एका लांब मेजाशी दोन माणसे शेजारी शेजारी बसलेली असतात. दोघांच्या कानांवर यंत्रे, दोघांच्या ओठांपाशी ध्वनिक्षेपक आणि दोघांची नजर एकाच चेंडूवर. पाहणाऱ्याला वाटावे, हे दोघे एकच काम करीत आहेत. वस्तुतः दोघांचे धंदे निराळे आहेत. पहिला काय घडले ते सांगतो. दुसरा ते का घडले ते सांगतो. पहिल्याचे काम आपल्याकडे आकाशवाणीने घरोघरी पोहोचविले. त्याला आपण धावते वर्णन म्हणतो, आणि बाळ ज. पंडित यांच्या मराठी क्रिकेट-वर्णनाची आठवण असलेली मंडळी अजून पुष्कळ आहेत. दुसऱ्याच्या कामाला मात्र आपल्या भाषेत पक्के नाव पडलेले नाही. कोणी त्याला समालोचक म्हणतात, कोणी विश्लेषक. आम्ही येथे त्याला भाष्यकार म्हणणार आहोत. कारण सूत्र एकाने सांगावे आणि त्यावर भाष्य दुसऱ्याने करावे ही वाटणी आपल्या परंपरेला नवी नाही.

ही दुसरी खुर्ची बहुधा निवृत्त खेळाडूला देतात. त्यामागचा विचार उघड आहे. ज्याने आयुष्यभर गूळ खाल्ला त्यालाच गुळाची चव ठाऊक. परंतु गूळ खाल्लेला माणूस मुका असला तर? उत्तम खेळाडूंपैकी पुष्कळांची स्थिती नेमकी अशीच असते. ज्या गोष्टी त्यांचे हात नि पाय क्षणार्धात करून टाकतात, त्या त्यांच्या जिभेला कधी शिकाव्या लागलेल्या नसतात. शिवाय भाषेचा प्रश्न असतोच. बेसबॉलचा जुना नामांकित गोलंदाज डिझी डीन ध्वनिक्षेपकापुढे बसू लागला, तेव्हा त्याच्या स्वतःच्या घडणीच्या क्रियापदांमुळे मुलांचे व्याकरण बिघडते अशी तक्रार १९४६ साली मिसुरी राज्यातील इंग्रजीच्या शिक्षकवर्गाने सरकारदरबारी केली होती. श्रोत्यांना मात्र तो फार आवडे. शिक्षकांचे म्हणणे खरे होते आणि श्रोत्यांचेही खरे होते, असे आमचे मत आहे.

बास्केटबॉलच्या भाष्यकाराची अडचण आणखी निराळी आहे. क्रिकेटमध्ये एक चेंडू आणि दुसरा चेंडू यांच्यामध्ये एखादा लहानसा निबंध सांगून व्हावा एवढा अवकाश असतो. बास्केटबॉलमध्ये एका पक्षाने टोपलीत चेंडू टाकला की दुसरा पक्ष लगेच तो उचलून पळत सुटतो; आणि १९५४ सालापासून अमेरिकेच्या व्यावसायिक खेळात असा नियम आहे की चेंडू हाती आल्यापासून २४ सेकंदांच्या आत नेम मारलाच पाहिजे. त्या २४ सेकंदांतील बराच भाग वर्णनकाराच्या मालकीचा. भाष्यकाराच्या वाट्याला उरतात चार-पाच सेकंद. तेवढ्यात त्याने दहा खेळाडूंतून नेमका महत्त्वाचा एक निवडावा, त्याने काय केले हे एका वाक्यात सांगावे आणि गप्प बसावे. ज्याची जीभ पहिल्याच अक्षरावर अडते त्याने या धंद्याकडे फिरकूही नये, असे कोणीही शहाणा मनुष्य सांगेल.

आणि तरीही या धंद्यात ज्याचे नाव सर्वांत गाजले अशांपैकी एक माणूस वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत तोतरा होता. साधे आभाराचे दोन शब्दसुद्धा त्याच्या तोंडून धड बाहेर पडत नसत. त्याचे नाव बिल वॉल्टन.

वॉल्टनचा जन्म ५ नोव्हेंबर १९५२ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोलगतच्या ला मेसा या गावी झाला. वडील समाजसेवेच्या खात्यात, आई ग्रंथपाल. घरात पुस्तके आणि संगीत मुबलक. दूरचित्रवाणीचा संच मात्र नव्हता. पुढे ज्याचा चेहरा आणि आवाज देशभरच्या संचांवर वर्षानुवर्षे वाजत राहिला, त्याच्या लहानपणी घरात संचच नसावा, हा योग मोठा गमतीचा आहे. त्याची खेळाची ओळख झाली ती दोन माणसांमुळे. एक, शाळेतल्या मुलांना फावल्या वेळात खेळ शिकविणारे अग्निशामक दलातले एक गृहस्थ; आणि दुसरे चिक हर्न. हर्न हे लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाचे वर्णनकार. १९६५ पासून २००१ पर्यंत त्यांनी ओळीने ३,३३८ सामन्यांचे वर्णन केले, मध्ये एकही चुकविला नाही. त्यांचा वेग एवढा की चेंडू आधी पोहोचतो की शब्द, असा प्रश्न पडावा. हा तोतरा मुलगा आपल्या लहानशा रेडिओला कान लावून त्यांना ऐकत बसे. खेळ कसा असतो हे डोळ्यांनी पाहण्याआधी तो कानांनी शिकला. पुढे वॉल्टन जे बोलू लागला त्याचे बी येथे पडले होते असे मानायला हरकत नाही. फक्त ते उगवायला वीस वर्षे लागली.

तोतरेपणाविषयी आपल्याकडे गैरसमज फार आहेत, म्हणून चार शब्द सांगणे अवश्य आहे. हा भित्रेपणा नव्हे, मंदबुद्धी नव्हे, आणि आईबापांनी धाक दाखविल्याचा परिणामही नव्हे. मेंदूतून वाणीच्या स्नायूंना ज्या आज्ञा जातात त्यांचा ताल बिघडण्याशी त्याचा संबंध आहे, आणि तो पुष्कळदा घराण्यात चालत येतो. शंभर मुलांपैकी सुमारे पाच मुले केव्हा ना केव्हा अशी अडखळतात; त्यांतील बहुतेकांचे अडखळणे आपोआप सुटते, आणि प्रौढांत शेकडा एकाच्या आसपास प्रमाण उरते. प्रौढांत बायकांपेक्षा पुरुष सुमारे चौपट. चमत्कार असा की तोच मनुष्य गाऊ लागला, अथवा दहाजणांबरोबर एका सुरात वाचू लागला, की बहुधा मुळीच अडखळत नाही. अडखळणाऱ्याला ‘सावकाश बोल, घाबरू नकोस’ असा उपदेश करण्याची आपली रीत चांगल्या हेतूची असली तरी त्याचा त्रास वाढविणारीच असते. त्याला काय म्हणायचे ते त्याच्या डोक्यात स्वच्छ असते; आपण थांबून ऐकावे एवढेच त्याला हवे असते.

वॉल्टन वाढला तो जवळजवळ सात फूट. कागदोपत्री सहा फूट अकरा इंच. एवढ्या उंचीच्या माणसाला लोक टोपलीखाली उभा करतात आणि त्याच्याकडून ताकदीची कामे करून घेतात. वॉल्टन निराळा होता. तो पाहणारा खेळाडू होता. हे जरा उलगडून सांगितले पाहिजे, कारण भाष्यकाराचे बीज यातच आहे. प्रतिपक्षाचा नेम चुकला की चेंडू फळीवर किंवा कड्यावर आपटून परत येतो. तो झेलण्यासाठी उंच माणसे उडी मारतात. सामान्य खेळाडू झेल घेतो, खाली येतो, दोन्ही कोपरे रोवून चेंडू सांभाळतो, मग इकडेतिकडे पाहतो आणि कोणाला तरी देतो. तेवढ्या अवधीत प्रतिपक्ष मागे पळून आपली जागा धरतो. वॉल्टन चेंडू झेलतानाच हवेत अंग वळवी आणि पाय जमिनीला लागतात न लागतात तोच चेंडू अर्ध्या मैदानापर्यंत फेकून देई. तिकडे त्याचा सोबती एकटा धावत असे. टोपलीत चेंडू टाकणारा दुसराच, टाळ्या मिळत त्यालाच. पण त्या चढाईचा जन्म झाला होता सत्तर-ऐंशी फूट मागे. प्रेक्षकाची दृष्टी नेहमी चेंडूच्या शेवटाकडे असते. भाष्यकाराने त्याला आरंभ दाखवायचा असतो. जो आयुष्यभर आरंभ करीत आला त्याला तो दाखविणे सोपे जाणार, फक्त बोलता आले पाहिजे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत तो शिकायला गेला. तेथे गुरू लाभले ते जॉन वुडन. हे मूळचे इंग्रजीचे शिक्षक. १९६४ ते १९७५ या बारा वर्षांत त्यांच्या संघाने दहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. पहिल्या दिवशी ते नव्या मुलांना पायमोजे कसे चढवायचे ते शिकवीत. मोज्याला सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला की सराव चुकतो, असा त्यांचा हिशेब. देशभर नाव झालेल्या तरुणांना हे ऐकून हसू येई. १९७४-७५ च्या मोसमात थार्प आणि गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी वुडन यांच्या पंधरा सरावांना बसून त्यांचे प्रत्येक वाक्य टिपून ठेवले. एकूण २,३२६ नोंदी झाल्या. त्यांत निव्वळ स्तुती शेकडा सातांच्या आत, निव्वळ नाराजीही तेवढीच, आणि सुमारे पाऊण भाग केवळ माहिती: हे असे कर, येथे उभा राहा, चेंडू असा धर. सारी वाक्ये तुटक, थोड्या शब्दांची, आणि चूक घडल्याच्या त्याच क्षणी उच्चारलेली. आमच्या मते भाष्यकाराच्या धंद्याचे यापेक्षा चांगले क्रमिक पुस्तक सापडणार नाही. वॉल्टन त्यापूर्वीची वर्षे या शाळेत होता.

तेथे त्याने काय पराक्रम केले ते थोडक्यात सांगतो. त्या विद्यापीठाने ओळीने ८८ सामने जिंकले, त्यांपैकी ७३ वॉल्टनच्या काळातले. १९७३ च्या अंतिम सामन्यात त्याने २२ नेम मारले, २१ बसले, ४४ गुण झाले. १९ जानेवारी १९७४ रोजी नोत्र दाम विद्यापीठाशी ७०-५९ अशी आघाडी असताना शेवटच्या साडेतीन मिनिटांत प्रतिपक्षाने ओळीने बारा गुण केले आणि ती माळ ७१-७० ने तुटली. त्या शेवटच्या मिनिटांचा सल त्याच्या बोलण्यात म्हातारपणापर्यंत होता.

गुरुशिष्यांचे सगळेच जुळत होते असे नाही. तो व्हिएतनामच्या युद्धाचा काळ. १९७२ च्या मे महिन्यात निदर्शनांत वॉल्टनला अटक झाली. वुडन यांना ते रुचले नाही. एकदा तो केस वाढवून सरावाला आला आणि केसांविषयी नियम करण्याचा आपल्याला अधिकार नाही असे त्याने गुरूंना सुनावले. वुडन शांतपणे म्हणाले की तत्त्वासाठी उभे राहणाऱ्यांबद्दल आपल्याला आदरच आहे. मात्र संघाला तुझी उणीव भासेल. वॉल्टन सायकलवर बसून केस कापायला गेला. पुढे स्वतःला चार मुलगे झाले तेव्हा तो त्यांच्या शाळेच्या डब्यांच्या पिशव्यांवर याच वुडन यांची वचने लिहून देत असे. शिष्य बंडखोर असला म्हणजे गुरूचे शिकविणे वाया जाते असे थोडेच आहे!

१९७४ साली पोर्टलंड संघाने त्याला सर्वांत आधी निवडले, आणि १९७७ साली त्याने त्या लहानशा शहराला अजिंक्यपद मिळवून दिले. अंतिम सामन्यात २० गुण, २३ परत आलेले चेंडू, ७ वेळा सोबत्याला नेमका चेंडू आणि प्रतिपक्षाचे ८ नेम हवेत अडविले. पुढच्या मोसमात संघ साठांपैकी पन्नास सामने जिंकून बसला असता त्याचा पाय गेला.

हे प्रकरण विस्ताराने सांगण्याजोगे आहे. घोट्याच्या पुढे, पावलाच्या कमानीच्या माथ्याशी, होडीच्या आकाराचे एक लहान हाड असते. वैद्यकात त्याला नावही होडीवरूनच पडले आहे. धावताना आणि उडी मारताना वरून अंगाचा भार आणि खालून जमिनीचा धक्का या दोहोंच्या चिमट्यात ते सापडते. त्यातून त्याच्या मधल्या भागाला रक्तपुरवठा तोकडा. म्हणून तेथे बारीक तडा गेला तर तो लवकर सांधत नाही, आणि साध्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा दिसतही नाही. खेळाडूला पायाच्या वरच्या बाजूला मोघम ठणका जाणवतो, एवढेच. अशा वेळी वेदना हीच काय ती पहारेकरीण असते. १९७८ च्या बादफेरीत वॉल्टनला वेदनाशामक सुई टोचून मैदानात उतरविले. पहारेकरीण निजली, आणि चोरी झाली. पुढच्या तपासणीत डाव्या पायाचे ते हाड मोडलेले दिसले. त्या मोसमात ८२ पैकी ५८ सामने खेळूनही सर्वोत्तम खेळाडूचा मान त्यालाच मिळाला. पण संघाच्या वैद्यकीय वागणुकीवर त्याचा विश्वास उडाला होता. १९७८-७९ चा सारा मोसम तो बाहेर बसला आणि नंतर पोर्टलंड सोडून गेला.

या लहानशा हाडाने पुढेही मोठमोठ्यांचा घात केला. चीनच्या याओ मिंगचे तेच हाड २००८ साली दुखावले आणि २०११ साली त्याला खेळ सोडावा लागला. जोएल एम्बीडचे २०१४ साली तडकले आणि त्याचे पहिले दोन मोसम वाया गेले. आज अशा तड्यावर स्क्रू बसवितात, महिनोन्‌महिने पावलावर भार देऊ देत नाहीत, आणि सांधल्याची खात्री झाल्याखेरीज मैदानात सोडीत नाहीत. वॉल्टनच्या वेळी एवढा धीर ना संघाला होता, ना प्रेक्षकांना, ना त्याला स्वतःला. १९७४ ते १९८७ या तेरा मोसमांत, मोसमाला ८२ धरले तर १,०६६ सामने होतात; तो खेळला ४६८. दोन मोसम तर तो ओळीने बाहेरच होता, त्या काळात स्टॅनफर्डला कायदा शिकत होता. १९८५-८६ मध्ये बॉस्टनकडून तो ८० सामने खेळला, राखीव खेळाडूंत सर्वश्रेष्ठ ठरला आणि संघाला अजिंक्यपदही मिळाले. तो एक मोसम सोडला तर बाकीची कहाणी प्लास्टरची आहे.

पाय असा निकामी होत असतानाच जीभ सुटली, आणि ती सोडविणारा भेटला तोही मोठा विलक्षण गृहस्थ. मार्टी ग्लिकमन हे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला गेलेले अमेरिकन धावपटू. चौघांच्या शंभर मीटर टप्प्यांच्या शर्यतीत ते धावायचे होते. ऐन वेळी त्यांना आणि सॅम स्टोलर यांना वगळण्यात आले. त्या अमेरिकन धावपटूंच्या तुकडीत ज्यू म्हणून हेच दोघे होते, आणि धावायला न मिळालेलेही हेच दोघे. त्यांच्या जागी जेसी ओवेन्स आणि राल्फ मेटकाफ धावले आणि जागतिक विक्रम झाला. पण हिटलरच्या डोळ्यांदेखत ज्यूंनी पदक घेऊ नये म्हणून हे घडले असा ग्लिकमन यांचा शेवटपर्यंत समज होता, आणि तो निराधार म्हणता येत नाही. पाय असूनही ज्यांना धावू दिले नाही ते ग्लिकमन पुढे न्यूयॉर्कचे नावाजलेले क्रीडावर्णनकार झाले. रेडिओवर बास्केटबॉल कसा सांगावा याची रीत बसविणाऱ्यांत त्यांची गणना होते.

एका समारंभात वॉल्टनची त्यांच्याशी गाठ पडली. वॉल्टन तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. ग्लिकमन यांनी त्याला बाजूला घेऊन जे सांगितले त्यात मंत्रतंत्र काही नव्हते. बोलणे हे एक कौशल्य आहे, आणि चेंडू हाताळण्याचे कौशल्य जसे तुकडे पाडून शिकतात तसेच हेही शिकावे, हे मुख्य सूत्र. एकट्याने मोठ्याने वाचावे. कोणते ध्वनी अडतात ते हुडकून तेवढेच पुनःपुन्हा घोटावे. विचारांचा वेग आवरावा. जबड्याचे स्नायू बळकट व्हावेत म्हणून साखर नसलेला गोंद चघळावा. आणि थोडे जमले की ते लहान मुलांना शिकवू लागावे. पायमोज्यापासून खेळ शिकलेल्या वॉल्टनला हे चटकन पटले. वुडन यांच्या शाळेतली पद्धत त्याने आपल्या जिभेला लावली. खेळातल्या सर्व विजयांपेक्षा बोलायला शिकणे हे आपले सर्वांत मोठे यश, असे तो पुढे नेहमी सांगे, आणि त्यापाठोपाठ हसून म्हणे की ऐकणाऱ्यांच्या कपाळी मात्र तेच आले आहे.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. ग्रीक वक्ता डेमॉस्थेनीस तोंडात गारगोट्या धरून बोलायला शिकला ही कथा आपण शाळेत ऐकतो, आणि मग प्रत्येक अडखळणाऱ्या मुलाच्या तोंडात गारगोट्या कोंबायला निघतो. वॉल्टनला जे लागू पडले ते सर्वांना लागू पडेल असे नाही. आज वाणीदोषांचे तज्ज्ञ मोठ्या शहरांतून आहेत. लहान मुलाला वेळीच त्यांच्याकडे नेणे हा उपाय गोंद चघळण्यापेक्षा केव्हाही बरा. अडखळण मुळापासून गेली असेही वॉल्टन म्हणत नसे. ती रोज काबूत ठेवावी लागते असे त्याचे म्हणणे. अडखळणाऱ्यांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील संस्थेच्या वतीने तो त्याविषयी उघडपणे बोलत असे, हे आम्हांला त्याच्या पारितोषिकांहून अधिक मोलाचे वाटते.

१९९० च्या सुमारास तो ध्वनिक्षेपकापुढे बसू लागला. त्या दशकात एनबीसीवर आणि २००२ नंतर एबीसी व ईएसपीएनवर त्याचा आवाज घुमू लागला. अठ्ठावीस वर्षे कोंडलेले पाणी धरण फुटल्यासारखे आले. त्याच्या बोलण्यात अतिशयोक्तीचा अलंकार पावलोपावली. जॉन स्टॉक्टनने चेंडू चांगला दिला तर तो केवळ बास्केटबॉलमधला नव्हे, पाश्चात्त्य संस्कृतीच्या इतिहासातला चमत्कार ठरे. बोरिस डियॉला खेळताना पाहून त्याला बेथोव्हन आठवे. आपल्या कीर्तनकारांना ही रीत अपरिचित नाही. पूर्वरंग जितका उंच जावा तितका उत्तररंग रंगतो. गंमत ही की एनबीसीवर त्याच्या शेजारी स्टीव्ह जोन्स नावाचा पोर्टलंडचाच जुना सोबती बसे, आणि वॉल्टनने आकाशात सोडलेला प्रत्येक पतंग तो शांतपणे काटीत असे. त्या दोघांच्या भांडणातून खेळ जितका समजे तितका एकट्याच्या शहाणपणातून समजला नसता. उंच खेळाडूने चेंडू खाली आणून उगाच घुटमळत राहावे हे वॉल्टनला मुळीच खपत नसे. तो त्यांच्यावर तुटून पडे. मोडक्या पायांच्या माणसाने धडधाकटांवर एवढे रागवावे हे काहींना जाचे. आम्हांला तो राग समजतो. ज्याला ४६८ सामन्यांवर भागवावे लागले त्याला फुकट गेलेली चढाई पाहवत नसणार.

२००८ च्या सुमारास पाठीचा कणाच ढासळला. सात फुटी माणसाने विमानाच्या आसनांत काढलेली वर्षे, सांधून टाकलेले घोटे आणि त्यामुळे बदललेली चाल, या सर्वांचा भार कोठे तरी जाणारच होता. दोन वर्षांहून अधिक काळ तो घराच्या जमिनीवर पडून असे. उकळत्या आम्लाच्या कढईत बुडवून वर विजेचा प्रवाह सोडावा तशी ती वेदना, असे त्याने सांगितले आहे, आणि येथे अतिशयोक्तीचा अलंकार नाही. जीव द्यावा असे विचार मनात येत, हेही त्याने लपविले नाही. २००९ च्या फेब्रुवारीत कण्याचे मणके धातूच्या सळ्यांनी सांधण्याची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्याच्या आयुष्यातील शस्त्रक्रियांची संख्या तीस ओलांडून गेली होती.

२०१२ साली तो परतला तो निराळाच होऊन. आता तो मुख्यतः पश्चिम किनाऱ्यावरील विद्यापीठांच्या सामन्यांना बसे. शेजारी डेव्ह पॅशसारखा सरळमार्गी वर्णनकार गुण सांगण्याची शिकस्त करीत असे, आणि वॉल्टन ज्वालामुखी, नद्या, सायकली आणि ग्रेटफुल डेड या त्याच्या लाडक्या गायकवृंदाविषयी बोलत असे. या वृंदाच्या आठशेहून अधिक मैफलींना तो गेला होता. १९७८ साली तर त्यांच्यामागे इजिप्तच्या पिरॅमिडांपर्यंत पोहोचला होता. एकदा प्रक्षेपण चालू असताना त्याने लहानसा केक पेटत्या मेणबत्तीसकट तोंडात घातला. सामना पाहायला बसलेले पुष्कळ लोक चिडत, आणि त्यांचे चिडणे अगदीच अकारण नव्हते. कसोटीच्या क्षणी भाष्यकार ज्वालामुखीत असेल तर त्याने आपले काम केले असे म्हणता येणार नाही. भाष्यकार म्हणून वॉल्टन १९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत अधिक चांगला होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु विद्यापीठांच्या सामन्यांत पुष्कळदा निकाल अर्ध्यावरच लागलेला असतो, रात्र बरीच झालेली असते, आणि अशा वेळी घरोघरी लोक संच चालू ठेवीत ते चेंडूसाठी नव्हे. दोन वर्षे जमिनीवर पडून काढलेला माणूस आज आपण येथे बसलो आहोत याचाच आनंद मोठ्याने सांगतो आहे, हे त्यांना कळत होते.

ज्या बारा विद्यापीठांच्या मंडळाला तो ‘अजिंक्यवीरांचे मंडळ’ म्हणून डोक्यावर घेई, त्यातील बहुतेक सभासद दूरचित्रवाणीच्या मोठ्या रकमांच्या ओढीने दुसऱ्या मंडळांत जाणार हे २०२३ साली ठरले. वॉल्टनने त्याबद्दलचे आपले दुःख लपविले नाही. कर्करोग त्याला पूर्वीच जडला होता. २७ मे २०२४ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, सॅन डिएगोस तो वारला. त्याच उन्हाळ्यात बारांपैकी दहा विद्यापीठे ते मंडळ सोडून गेली.